बघून घ्या

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनाने भरतोस, म्हणून पत्र.

नोकरी लागून महिना झाला. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी आमची कार्यशाळा आहे. आम्ही हात, पाय, कान आणि नाकं तयार करतो. हसू नकोस. ज्यांचं आजारात किंवा अपघातात गेलं त्यांना करून देतो. माझ्याकडे कान आणि नाकं. आपल्या भाषेत माणूस नाक खुपसतो, नाक मुरडतो, नाक घासतो, नाकाने कांदे सोलतो. पण ते नसलं तर तो घराबाहेरच पडत नाही, हे मला इथे आल्यावर कळलं.

शिकवायला वस्ताद आहेत. सत्तरीचे. निवृत्त झालेत, तरी मंगळवारी आणि शनिवारी येतात, कारण चेहऱ्याचा साचा घ्यावा तर त्यांनीच. त्यांचा हात थरथरतो, पण ओल्या प्लास्टरला लागला की थांबतो. मी तोंडात बोट घालून बघत असते.

आणि साहेब. मामा, साहेब वाईट नाहीत. पण त्यांचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचतच नाही. "ते परवाचे कान जरा..." म्हणतात आणि हात हवेत फिरवतात. कान जरा काय? रंगवू? परत पाठवू? लहान करू? आणि क्रियापद आलंच तर एकच येतं, "बघून घ्या." कपाटाची किल्ली हरवली, बघून घ्या. पेशंट रडतोय, बघून घ्या. परवा त्यांच्या टेबलावर पाल पडली, तर तिच्याकडे बोट दाखवून तेच. मी बघितलं. पाल आपली आपण गेली.

तू बॉयलरवर चाळीस माणसं सांभाळलीस. सांग, अशा माणसाच्या हाताखाली काम कसं करायचं? विचारावं तर कपाळाला आठ्या, न विचारावं तर चूक होण्याची भीती. सहा महिने नोकरी कच्ची आहे. पक्की झाली तर आईला शिवणाच्या मशीनवरून उठवीन म्हणते. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण ते ती कोणाला सांगत नाही.

तुझी,
भाचीबाई


११ फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी उघड वाचलं आणि मामीने चोरून.

तुझ्या साहेबात काही खोट नाही. वरच्या माणसाला सगळं फोड करून सांगायला वेळ असता, तर त्याने तुला कशाला ठेवलं असतं? तो अर्धं बोलतो, उरलेलं अर्धं आपण ओळखायचं. पगार त्या ओळखण्याचाच असतो. नुसत्या सांगकाम्याला कोणी विचारत नाही.

पाना आठवतो ना? आमचा फिटर, कायम खिशात पाना घेऊन हिंडायचा म्हणून पाना. त्याला मी म्हटलं, "दोन नंबरच्या झडपेचं जरा बघून घे रे." आणि पठ्ठ्या झडपेसमोर स्टूल टाकून बसला. बघत! काटा लालवर गेला, तरी हा बघतोय. शेवटी झडप उडाली, हात भाजला, वर नोकरी गेली ती गेलीच. आणि विचारतो काय, "तुम्हीच बघायला सांगितलं होतंत ना?" लहानपणी तू ही गोष्ट दहादा सांगायला लावायचीस आणि पाटावर डोळे फाडून बसून पाना करून दाखवायचीस. दूध उतू गेलं की मामी अजून म्हणते, पाना बसला होता वाटतं गॅससमोर.

तेव्हा पाना होऊ नकोस. स्वतःहून हात घाल. चुकलीस तर चुकलीस, पण नुसती बघत बसू नकोस.

तुझा,
मामा


२ मार्च

प्रिय मामा,

काम फत्ते!

बुधवारी सकाळी टेबलावर साहेबांची चिठ्ठी: "शुक्रवारी पाहणी. मागचे साचे बघून घ्या." बस, एवढंच. आमच्या मागच्या खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि त्यांवर प्लास्टरचे साचे, काही तर पंधरा वर्षांचे. पाय ठेवायला जागा नाही. आता मागचे म्हणजे मागच्या खोलीतले की मागच्या वर्षांतले? बघून घ्या म्हणजे मोजा, पुसा की काढून टाका? वस्ताद शनिवारी येणार, तोवर पाहणी होऊन गेलेली. साहेबांना दारातून विचारलं, "जुने फोडून टाकू का?" ते फोनवर होते. हात हवेत फिरवला, "अहो, बघून घ्या ना." बाहेर आले. धीर करून पुन्हा विचारायला दारापर्यंत गेले, आणि डोळ्यांसमोर स्टुलावरचा पाना आला. तशीच परत फिरले.

पण तुझी भाची आंधळेपणाने हातोडा उचलणारी नाही. आधी नोंदवही काढली. ज्यांचा माणूस दोन वर्षांत एकदाही फिरकलेला नाही, असे साचे वेगळे केले. त्रेसष्ट निघाले. ती माणसं एक तर गेली असतील, नाही तर दुसरीकडे जात असतील. ते सगळे मागच्या अंगणात नेले आणि फोडले. खांदे अजून दुखतायत. रस्त्याचे खड्डे बुजवणारी गाडी येते, ती भुगा घेऊन गेली. मग खोली धुतली, उरलेले साचे क्रमाने लावले.

शुक्रवारी पाहुणे आले आणि म्हणाले, "वा, किती मोकळं वाटतंय!" साहेब म्हणाले, "हो, आम्ही घेतलं बघून." आम्ही! पण नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "चांगलं काम केलंत." क्रियापदासकट, मामा!

शनिवारी वस्ताद आले. मागच्या खोलीत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग प्लास्टर कालवायला बसले. म्हाताऱ्या माणसांचा जीव जुन्या वस्तूंत अडकलेला असतो, दुसरं काय. चहासुद्धा घेतला नाही.

तुझी,
भाचीबाई


९ मार्च

चि. भाचीबाई,

शाब्बास! तुझं पत्र मी खालच्या बाकावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवलं. एकाला ऐकू येत नाही, त्याला मी ओरडून दाखवलं. मला माझंच ऐकू येत नव्हतं, पण अर्धी गल्ली जमा झाली.

असंच चालू दे. नोकरी पक्की झाल्याचं पत्र आधी मला, मग आईला.

तुझा,
मामा


२० मे

चि. भाचीबाई,

दोन महिने झाले, पत्र नाही. आईला विचारलं तर म्हणते, येते, जेवते, झोपते. जेवणाचंही खरं दिसत नाही. साहेबांनी बढतीबिढती दिली आणि मामाला विसरलीस की काय? बाकावरचे म्हातारे विचारतात, नाकांचं काय झालं. त्यांना काय सांगू?

तुझा,
मामा


२८ मे

प्रिय मामा,

बाकावर काही सांगू नकोस.

एप्रिलच्या मध्याला एक बाई आली. बसमध्ये तिकिटं द्यायची ती. तिला नाकापासून गालात शिरलेली गाठ होती, आणि तीन वर्षांपूर्वी ते सगळं काढावं लागलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी वस्तादांनी तिच्या चेहऱ्याचा साचा घेतला होता, कारण दुसऱ्या दिवशी ते नाक जगात नसणार होतं. अशा बाईला लगेच नाक बसवता येत नाही. रेडिएशन संपून, जखम भरून, कातडी स्थिर व्हायला आणि गाठ परत येत नाही याची खात्री पटायला तीन वर्षं लागतात. तोवर इकडे यायची गरज नाही, असं तिला इथेच सांगितलेलं. म्हणजे ती फिरकली नाही, कारण तिने सांगितलेलं ऐकलं.

तोंडाला डोळ्यांखालपासून फडकं बांधलेलं. हातात आमचीच चिठ्ठी, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, घडीवर चिरलेली: "साचा क्रमांक ४१, जपून ठेवला आहे." बरोबर चार वर्षांची मुलगी. त्या मुलीने आईचा चेहरा कधी पाहिलेला नाही. पाहिला तेव्हा ती तान्ही होती. बाईने तिला सांगून आणलं होतं, माझं नाक तिथे ठेवलंय, आज आपण ते आणायला जायचं. आणि ती पोर माझ्या समोर, मीच नीट क्रमाने लावलेल्या फळ्या एकेक करून बघत होती. आईचं कुठलं ते शोधत होती, मामा.

मी नोंदवही उघडली. एक्केचाळीसवर माझ्याच हाताने बारीक रेघ मारलेली.

कसं सांगितलं ते आठवत नाही. बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पण ते जपून ठेवलंय असं लिहिलंय ना?" आणि चिठ्ठी पुन्हा माझ्यापुढे धरली, जणू मला वाचता येत नसेल.

साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "मी बघून घ्या म्हटलं होतं. फोडा म्हटलं नव्हतं." खरं आहे. चिठ्ठी मी अजून ठेवलीय, त्यात तसंच लिहिलंय. मी विचारलं, मग तुम्हाला काय म्हणायचं होतं? "म्हणजे... जरा नीट... पुसून वगैरे..." आणि हात हवेत. मला वाटतं, काय म्हणायचं होतं हे त्यांना तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही.

मी पाना असते तर किती बरं झालं असतं! स्टूल टाकून दिवसभर त्या साच्यांकडे नुसती बघत बसले असते, तर ते नाक आज असतं.

आता वरून लेखी खुलासा मागितलाय, नऊ तारखेच्या सोमवारपर्यंत. साहेब म्हणाले, "वस्तादांनी खुणा वगैरे काही स्पष्ट... म्हणजे ते तर निवृत्तच आहेत, त्यांना काय... तुम्ही बघून घ्या." या वेळी मला क्रियापदाशिवाय सगळं समजलं. खुणा नव्हत्या असं लिहिलं तर प्रकरण मिटतं. नाही लिहिलं तर नोकरी जाते. आई परवा दोरा ओवायला शेजारच्या मुलीकडे गेली होती. मला बघून तिने सुई पदरामागे लपवली.

मला रात्रंदिवस काही सुचत नाही. तू चाळीस माणसं सांभाळलीस, असे खुलासे तू पाहिले असशील. तू असतास तर काय लिहिलं असतंस?

तुझी,
भाचीबाई


७ जून

चि. भाचीबाई,

मी असतो तर काय लिहिलं असतं, असं विचारलंस. मी लिहिलं होतं.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. रोज लिहायला बसतो आणि कागद फाडतो. मामीला वाटतं मी आजारी आहे.

पाना स्टुलावर बसला नव्हता. तिथे स्टूलच नव्हतं. त्या दिवशी तो मला तीनदा विचारायला आला होता. मी शेजारच्या खोलीत पत्ते खेळत होतो. पहिल्यांदा म्हणाला, दोन नंबरची झडप कुरकुरतेय, काय करू? मी म्हटलं, बघून घे. दुसऱ्यांदा आला, म्हणाला, दाब उतरवायचा तर बॉयलर बंद करावा लागेल, त्याला तुमची सही लागते. हातात पानं चांगली आली होती. मी म्हटलं, बघून घे रे. तिसऱ्यांदा तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, एकदा नीट सांगा ना." सगळे हसले, म्हणून मीही हसलो आणि म्हटलं, "बघून घेता येत नाही का तुला?"

तो परत गेला आणि स्वतःच्या हाताने झडप सोडवायला लागला. त्याने ती अर्धी सोडवली म्हणून बॉयलर फुटला नाही. त्याच्या पलीकडे अकरा माणसं होती, आणि भिंतीच्या अलीकडे आम्ही पत्तेवाले. वाफ त्याच्या उजव्या हातावर आली. माझे कान बॉयलरच्या तीस वर्षांनी गेले असं मी सगळ्यांना सांगतो. ते त्या दिवशी गेले.

अहवाल मी लिहिला. "सूचना देऊनही सदर कामगार झडपेसमोर नुसता बघत उभा होता." खाली सही. वरच्यांनी विचारलं, काय सूचना दिली होती? मी म्हटलं, बघून घ्यायला सांगितलं होतं. खोटं कुठे होतं त्यात? अस्पष्ट बोलणं म्हणजे वेंधळेपणा असतो असं तुला वाटतं. तसं नाही गं. ती छत्री असते. पाऊस आला की आपण कोरडे.

एकदा तो घरी आला होता, एवढंच लिहून द्या म्हणायला, की मी विचारायला आलो होतो. मी आतल्या खोलीतून मामीला सांगायला लावलं, घरी नाहीत म्हणून. पुढे तो गाव सोडून गेला. उजवा हात गेलेला फिटर कुठे जाऊन काय करणार, याचा मी विचार केला नाही. नंतर लोक विचारायला लागले की झालं काय, तेव्हा गोष्ट सांगितली. लोक हसले. मग त्यात स्टूल घातलं. ते मी तुला हसू यावं म्हणून घातलं होतं.

तू त्या दारापर्यंत जाऊन परत फिरलीस, ती माझ्या पानाला भिऊन. तो पाना कधी नव्हताच. खरा पाना तीनदा विचारायला आला होता.

वस्तादांचं नाव लिहू नकोस. नोकरी गेली तर जाऊ दे, आईला मी सांगतो, मी येऊन सांगतो. जे झालं तेच लिही: चिठ्ठीत काय होतं, तू काय विचारलंस, काय उत्तर मिळालं. माझं एवढं ऐक.

मामा


३ जुलै

मामा,

तुझं पत्र बुधवारी आलं. खुलासा मी सोमवारी देऊन बसले होते.

"साच्यांवर कोणतीही खूण आढळली नाही." एक ओळ आणि सही. तू आठवडाभर कागद फाडत होतास, तेव्हा मी रोज टपालपेटी उघडत होते. हे तुला टोचायला लिहीत नाही. किंवा लिहीत असेनही.

मागच्या पत्रात तुझ्यापासूनही एक लपवलं. खूण होती. त्रेसष्टांतल्या अकरा साच्यांना बुडाशी निळ्या पेन्सिलीचा ठिपका होता, वाटाण्याएवढा. फोडताना मी तो पाहिला. मला वाटलं, वस्ताद काम संपलं की ठिपका देत असतील. शनिवारपर्यंत थांबून विचारता आलं असतं. शुक्रवारी पाहणी होती. शस्त्रक्रियेआधी घेतलेल्या चेहऱ्यांना ते ठिपका देत. बाकीचे दहाजण अजून यायचे आहेत.

त्या ओळीमुळे वस्तादांचं येणं बंद झालं. हत्यारं न्यायला आले, तेव्हा मी एकटीच होते. मला वाटलं बोलतील, बोलावं अशी फार इच्छा होती. त्यांनी हत्यारं एकेक पुसून फडक्यात गुंडाळली आणि जाता जाता म्हणाले, "पोरी, नाकाचा शेंडा समोरून घडवू नकोस. बाजूने घडव, मग तो माणसाचा होतो." हात थरथरत होता. थांबवायला प्लास्टर नव्हतं.

मी पक्की झाले. पहिलं पत्र तुला लिहायचं ठरलं होतं, म्हणून लिहिते. आईने मशीन पुसलं, त्यावर कापड घातलं आणि ती रडली. तिला काहीच माहीत नाही. तू येऊन सांगणार होतास, आता नको सांगूस.

पानाबद्दल काय लिहू? दूध उतू गेल्यावर मामी आता काय म्हणते?

तिकीटवाली बाई आज नाक न्यायला आली होती. घडवायला माझ्याकडे एकच फोटो होता, तिच्या नोकरीच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा आणि समोरून. बाजूने कसं होतं ते तिलाही सांगता येईना. स्वतःला बाजूने कोण बघतं? तीनदा घडवलं. वस्ताद असते तर... ते जाऊ दे. रंग छान जमला होता. कडा कातडीत मिसळली होती, हात लावल्याशिवाय कळली नसती. मी ते बसवलं, आरसा तिच्यापुढे धरला आणि माझ्या तोंडून निघालं, "बघून घ्या."

तिने बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. "छान केलंय," म्हणाली, दुसऱ्याच्या घराबद्दल बोलावं तसं. मुलगी तिच्या मांडीवर चढली, तोंड अगदी जवळ नेलं आणि विचारलं, "आई, हे तुझंच आहे?"

"नाही गं," ती म्हणाली. "पण त्यांनी दिलंय."

मग तिने माझे आभार मानले, पिशवीतून ते फडकं काढलं, आणि नव्या नाकावरून नेहमीसारखं घट्ट बांधून घेतलं.

तुझी भाची